पडदा इथे, संगणक तिथे

गोंदियाहून पुण्याला निघालेल्या प्रवाशाचा एक दिवस आणि एक रात्र गाडीत जाते. तेवढेच अंतर काचेच्या तंतूतून जाणारा प्रकाशाचा संकेत सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत ओलांडतो. म्हणूनच पुण्याच्या आयसरमध्ये शिकणारा देवरीचा किंवा सालेकशाचा विद्यार्थी सुटीत घरी आला, तरी त्याचे काम थांबत नाही. घरातल्या जुन्या संगणकावर बसून तो संस्थेच्या मोठ्या संगणकाला काम सांगू शकतो. त्या संस्थेत २०१९ मध्ये बसवलेला परम ब्रह्म हा महासंगणक असाच दुरून वापरला जातो. त्याच्यासमोर खुर्ची टाकून कोणी बसत नाही.

जिल्ह्यातल्या अनेक शाळांतही याची लहान आवृत्ती दिसते. एक बऱ्यापैकी ताकदीचा संगणक सर्व्हर म्हणून ठेवायचा आणि बाकीच्या जुन्या यंत्रांवरून त्याला जोडून घ्यायचे. सोय चांगली आहे, पण पडद्याचे दुखणे तिच्याबरोबरच येते. जोडणी होते, परवलीचा शब्द स्वीकारला जातो आणि समोर नुसता काळा पडदा येतो. कधी 'डिस्प्ले उघडता येत नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते. कधी सगळे दिसते, पण मराठीच्या जागी चौकोनी डबे उमटतात. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी बटणाकडे जातो: सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा! आमच्या अनुभवाने हा उपाय सर्वांत शेवटचा असावा, कारण पुष्कळदा तिकडचे काम बिनबोभाट चाललेले असते आणि बिघाड फक्त ते इकडे दाखवण्यात असतो. पडदा म्हणजे काम नव्हे, ही गोष्ट एकदा नीट समजली की पुढचा शोध सोपा होतो.

पडदा एकीकडे आणि संगणक दुसरीकडे ही कल्पना नवी नाही. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ मध्ये व्हीटी-१०० नावाचे टर्मिनल बाजारात आणले. त्याच्या पडद्यावर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे मावत, म्हणजे सगळी मिळून १९२० अक्षरे. तारेतून एक अक्षर पाठवायला सुरुवात-शेवटाच्या खुणा धरून १० बिट लागतात असे मानले, तर पूर्ण पडद्यासाठी १९,२०० बिट होतात. सेकंदाला ९६०० बिट नेणाऱ्या तारेवरून ते २ सेकंदांत पोचत. आपल्या रेल्वे आरक्षणाच्या खिडक्यांवर पूर्वी दिसणारे, चित्र नसलेले अक्षरांचे पडदे याच जातीचे होते. अक्षरे थोडी होती, म्हणून बारीक तारही पुरत असे.

चित्रे आली आणि हिशेब बदलला. आजच्या साध्या लॅपटॉपच्या पडद्यावर १३६६ गुणिले ७६८, म्हणजे १०,४९,०८८ ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट धरले तर एका पूर्ण चित्रासाठी सुमारे अडीच कोटी बिट हवेत. सेकंदाला २० लाख बिट नेणाऱ्या जोडणीवर एकच चित्र पोचायला साडेबारा सेकंद लागतील. रंगांची संख्या २५६ वर आणली, तर ठिपक्यामागे ८ बिट पुरतात आणि वेळ सव्वाचार सेकंदांच्या आसपास येतो. दूरस्थ जोडणीच्या प्रोग्रॅममध्ये 'रंग कमी करा', 'पार्श्वभूमीचे चित्र काढा' असे पर्याय असतात ते यासाठीच. पडदा तुकड्यातुकड्यांनी उमटत असेल, तर बिघाड शोधण्याआधी हे दोन पर्याय वापरून पाहावेत.

अर्थात दर वेळी सगळे ठिपके कोणी पाठवत नाही. पाठवण्याच्या दोन रीती आहेत, आणि त्या वर्गात करून दाखवता येतात. दोन विद्यार्थी घ्यावेत. पहिल्याजवळ १६ गुणिले १६ चौकटींच्या आलेख कागदावर काढलेले चित्र द्यावे, दुसऱ्याजवळ कोरा कागद. दुसऱ्याला व्हरांड्यात बसवावे आणि दोघांमध्ये चिठ्ठ्या नेणारा एक निरोप्या ठेवावा. पहिल्या रीतीत प्रत्येक चौकट सांगायची: पांढरी, पांढरी, काळी... अशा २५६ नोंदी होतात. 'सोळा पांढऱ्या' असे एकत्र सांगितले की चिठ्ठ्या झपाट्याने कमी होतात. संगणकातले दाबतंत्र मुळात हेच करते. दुसऱ्या रीतीत ठिपके सांगायचे नाहीत, कृती सांगायची: 'चौथ्या ओळीत पाचव्या घरापासून आठ घरे आडवी रेघ ओढ.' चिठ्ठी लहान होते. मात्र चित्र काढणाऱ्याला रेघ, वर्तुळ, अक्षर यांची माहिती हवी. त्याला 'गो हे अक्षर लिही' असे सांगितले आणि देवनागरी येत नसेल, तर तो जागा राखण्यापुरता एक डबा काढेल. हा डबा लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

पहिली रीत व्हीएनसी या पद्धतीची. ती केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटीच्या संशोधन प्रयोगशाळेत तयार झाली आणि १९९८ मध्ये सर्वांना मोफत मिळाली. विंडोजची आरडीपी ही पद्धतही १९९८ मध्येच, एनटी-४ च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीबरोबर आली. ती दोन्ही रीतींचे मिश्रण करते. दुसऱ्या रीतीचे जुने आणि प्रसिद्ध उदाहरण म्हणजे एक्स विंडो. १९८४ मध्ये एमआयटीत तिची सुरुवात झाली, आणि १९८७ मध्ये निघालेली तिची अकरावी आवृत्ती लिनक्सच्या असंख्य संगणकांवर अजून चालते.

एक्समध्ये नावांची एक गंमत आहे, आणि नवख्याचा बहुतेक गोंधळ तिच्यातूनच होतो. आपण दूरच्या मोठ्या यंत्राला सर्व्हर म्हणतो. एक्सच्या भाषेत मात्र सर्व्हर म्हणजे आपल्या पुढ्यातला पडदा सांभाळणारा प्रोग्रॅम! पडदा, कळफलक आणि माऊस या वस्तू त्याच्या ताब्यात असतात, आणि पुण्यातला प्रोग्रॅम हा त्याचा ग्राहक असतो. 'मला एक खिडकी काढून द्या' असे तो ग्राहक देवरीतल्या दुकानदाराला सांगतो. दुकान उघडे नसेल तर ग्राहकाने काय करावे? विंडोजच्या संगणकावर हे दुकान मुळात नसते. एक्समिंगसारखा प्रोग्रॅम वेगळा घालून आधी चालू करावा लागतो. 'डिस्प्ले उघडता येत नाही' या तक्रारीचे हे पहिले कारण.

दुसरे कारण पत्त्याचे. दूरच्या प्रोग्रॅमला चित्र कुठे काढायचे ते 'डिस्प्ले' नावाच्या चलातून कळते. त्यात यंत्राचे नाव, मग विसर्गचिन्ह, मग पडद्याचा क्रमांक असतो. जुन्या पुस्तकांत हा चल हाताने भरायला सांगतात. त्या काळी ते बरोबर होते, कारण दूरचा प्रोग्रॅम आपल्या यंत्राच्या ६००० क्रमांकाच्या दारावर थेट येऊन ठोठावत असे. आज घरातला संगणक मोबाइलच्या किंवा राऊटरच्या आड असतो आणि बाहेरून आलेल्याला हे दार सापडतच नाही. शिवाय ते उघडे ठेवणे धोक्याचे आहे. म्हणून आता एसएसएचचा मार्ग वापरतात. फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये लिहिलेला हा प्रोग्रॅम सगळी बोलणी कुलूपबंद करून नेतो. जोडताना 'एक्सही सोबत न्या' असे त्याला सांगितले, की तो दूरच्या यंत्रावरच एक खोटा पडदा मांडतो. त्याचा क्रमांक सहसा १० असतो. त्या पडद्याकडे आलेले प्रत्येक चित्र एसएसएच बोगद्यातून आपल्याकडे आणते. यात डिस्प्ले हा चल एसएसएच स्वतः भरते. जुने पुस्तक वाचून कोणी तो हाताने बदलला, तर चांगली चालणारी जोडणी बिघडते.

म्हणून अशी तक्रार आली की प्रथम दूरच्या यंत्रावर त्या चलाची किंमत छापून पाहावी. ती रिकामी असेल तर एक्स सोबत आलेच नाही: एकतर जोडताना सांगायचे राहिले, नाहीतर तिकडच्या व्यवस्थापकाने ती सोय बंद ठेवली आहे. किंमत आहे आणि तरीही नकार येतो, तर परवानगीचा प्रश्न असतो. एक्स प्रत्येक ग्राहकाकडे १२८ बिटांची एक गुप्त खूण मागते, आणि ती आपल्या घर-फोल्डरमधल्या एका लहान फाइलीत लिहिलेली असते. जोडणीनंतर आपण दुसऱ्या वापरकर्त्याचे नाव धारण केले, तर ती खूण मागे राहते आणि नकार मिळतो. याहून फसवे कारण म्हणजे भरलेली तबकडी. आपल्या वाट्याची जागा संपली असेल तर ती इवलीशी फाइल लिहिली जात नाही आणि खिडकी उघडत नाही. वरकरणी पडद्याचा वाटणारा हा रोग, पण त्याचे औषध चार जुन्या फायली पुसणे हे! शिल्लक जागा पाहायला अर्धे मिनिट लागते, तेव्हा ती आधी पाहावी.

या अडचणीवर एक घातक सल्लाही कानोकानी फिरतो: 'एक्सहोस्ट' या आज्ञेपुढे अधिकचे चिन्ह द्या, सगळे चालू होईल. ते खरे आहे, पण त्याबरोबर कोणत्याही यंत्रावरून येणाऱ्याला आपल्या पडद्याची परवानगी मिळते. दाराशी पोचू शकणारा कोणीही मग आपण काय टंकतो तेही वाचू शकतो. शाळेच्या प्रयोगशाळेत तरी हे करू नये.

खिडकी उघडते पण फार सावकाश, हा वेगळा आजार आहे, आणि त्यात भौतिकशास्त्राचा चांगला धडा आहे. व्हरांड्यातल्या विद्यार्थ्याकडून दर चिठ्ठीमागे 'काढली का?' याचे उत्तर घेतल्याशिवाय पुढची चिठ्ठी द्यायची नाही, असा नियम करून पाहावा. चिठ्ठ्या लहान असूनही काम रेंगाळते, कारण आता वेळ निरोप्याच्या फेऱ्यांत जातो. एक्सचे प्रोग्रॅम असे प्रश्न वारंवार विचारतात. समजा एखाद्या प्रोग्रॅमला खिडकी उघडण्यापूर्वी २०० फेऱ्या लागतात. तंतूतल्या काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो, म्हणून १००० किलोमीटरची जा-ये १० मिलिसेकंदांत होते. प्रत्यक्षात मार्ग वळणावळणाचा असतो, वाटेत अनेक थांबे असतात, आणि ५० मिलिसेकंद लागणे नेहमीचेच. २०० फेऱ्यांना मग १० सेकंद लागतात. आता हीच जोडणी उपग्रहावरून आहे असे समजू. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे निकनेट जाळे सुरुवातीला उपग्रहावरूनच जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता. स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संकेत वर जाऊन खाली यायला ७२,००० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पाव सेकंद. उत्तर धरून अर्धा सेकंद. २०० फेऱ्यांना १०० सेकंद! जाड तार घेऊन, म्हणजे बिटांचा दर वाढवून, हा वेळ कमी होत नाही. अशा ठिकाणी ठिपके पाठवणारी व्हीएनसीसारखी रीत बरी पडते, कारण प्रश्नोत्तरे सगळी तिकडच्या तिकडे होतात आणि फक्त तयार चित्र इकडे येते. कमी फेऱ्यांची अवजड चिठ्ठी की पुष्कळ फेऱ्यांची हलकी चिठ्ठी, हे जोडणी पाहून ठरवावे लागते.

ठिपक्यांच्या रीतीचे आजार निराळे. व्हीएनसीने जोडल्यावर करड्या ठिपक्यांचा रिकामा पडदा आणि फुलीच्या आकाराचा माऊस दिसला, तर घाबरू नये. ही चांगली खूण आहे. जोडणी झाली, पडदा आला, फक्त त्यावर टेबल मांडणारा प्रोग्रॅम सुरू झालेला नाही. तो सुरू करण्याची आज्ञा एका आरंभ-फाइलीत असते आणि बहुधा तीच चुकलेली किंवा रिकामी असते. लिनक्सवर आरडीपीने जोडताना पूर्ण काळा पडदा आला, तर तोच वापरकर्ता सर्व्हरच्या समोरच्या पडद्यावर आधीच आत शिरलेला नाही ना ते पाहावे. एकाच नावाची दोन टेबले मांडायला कित्येक व्यवस्था नकार देतात. सर्व्हरला मॉनिटर जोडलेलाच नसेल, तर खिडकी चिंचोळी दिसते. मॉनिटर आपली मापे १२८ बाइटांच्या एका ओळखपत्रातून संगणकाला कळवतो. ते मिळाले नाही की संगणक अंदाजाने लहान माप धरतो. बाजारात मॉनिटरचे सोंग घेणारा एक छोटा खोटा प्लग मिळतो, तो लावला की काम होते.

आता तो डबा. मराठी शाळांच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण इथे पडद्याचा दोष अंगावर घेऊन आपण खरी माहिती घालवून बसू शकतो. जिल्ह्यातल्या एका शाळेतला प्रसंग आम्हाला माहीत आहे. विद्यार्थ्यांच्या नावांची फाइल दूरच्या यंत्रावर उघडली, नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसली. शिक्षकांनी आणखी काहीतरी दुरुस्त करून ती तशीच जतन केली. दुसऱ्या दिवशी कोणत्याही संगणकावर प्रश्नचिन्हेच. शेवटी दाखलखारीज रजिस्टर काढून सगळी नावे पुन्हा भरावी लागली.

मराठी बिघडलेली दिसते तेव्हा ती चार प्रकारांनी दिसते, आणि चारही प्रकारांचे निदान वेगळे आहे. चौकोनी डबे असतील तर माहिती शाबूत आहे, संकेत बरोबर वाचला गेला, फक्त अक्षराचा आकार माहीत नाही. म्हणजे फॉन्ट नाही. तो कोणत्या यंत्रावर घालायचा? व्हीएनसीत चित्र तिकडे तयार होते, म्हणून फॉन्ट तिकडेच हवा. आपल्या संगणकावर दहा फॉन्ट घातले तरी उपयोग नाही. एक्सच्या जुन्या प्रोग्रॅमना उलट पडद्याकडचा फॉन्ट लागे, नवे प्रोग्रॅम स्वतःच्या यंत्रावरचा वापरतात. अक्षरसंकेतांपुरत्या चालणाऱ्या साध्या टर्मिनलमध्ये मात्र अक्षरे आपल्याच संगणकावर उमटतात, तेव्हा फॉन्ट इथे हवा.

दुसरा प्रकार म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हापुन्हा दिसणे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत लिहितात आणि त्यातला पहिला बाइट नेहमी एकच असतो. पश्चिम युरोपीय संकेतानुसार त्याच बाइटचा अर्थ तो तिरक्या रेघेचा ए होतो. म्हणजे बाइट जसेच्या तसे पोचले आहेत, वाचणाऱ्याने कोष्टक चुकीचे घेतले आहे. टर्मिनलची किंवा दूरच्या यंत्राची भाषा-निवड यूटीएफ-८ वर आणली की अक्षरे जागेवर येतात. तिसरा प्रकार रोमन अक्षरे आणि विरामचिन्हांच्या निरर्थक माळेचा. मजकूर १९९० च्या दशकातल्या छपाईच्या प्रोग्रॅममधला असेल तर असे होते. तेव्हा रोमन संकेतांवरच देवनागरी आकार बसवलेले फॉन्ट वापरत. तो फॉन्ट मिळाला तर मजकूर वाचता येतो, पण कायमचा ठेवायचा तर परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणलेला बरा. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि तिची मांडणी आपल्याकडच्या इस्की या संकेतावरून घेतलेली आहे.

चौथा प्रकार प्रश्नचिन्हांचा, आणि तोच धोक्याचा. प्रश्नचिन्ह हे कधी नुसते दाखवण्यापुरते असते, कधी मूळ अक्षर खरोखर पुसून त्या जागी बसलेले असते. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतात. फरक मोजून कळतो. 'गोंदिया' या शब्दात ग, ओकार, अनुस्वार, द, इकार, य आणि आकार अशी सात चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये त्यांचे २१ बाइट होतात. केवळ हा शब्द असलेल्या फाइलीचे माप २१, किंवा ओळ संपल्याची खूण धरून २२ बाइट असेल, तर शब्द सुरक्षित आहे. माप ७ किंवा ८ असेल तर तो गेला. मोठ्या फाइलीच्या बाबतीतही तिचे माप जुन्या प्रतीच्या एक-तृतीयांशाजवळ आलेले दिसले, तर तीच शंका घ्यावी. तोवर ती फाइल जतन न करता बंद करावी. ही मोजणी वर्गात प्रत्येकाला स्वतःच्या नावावर करायला द्यावी. जोडाक्षरातला हलन्तही एक चिन्ह म्हणून मोजायचा असतो हे मुलांना तेव्हाच कळते.

राहिली गोष्ट जोडणी तुटण्याची. आपल्याकडे वीज जाते, पावसाळ्यात तारा तुटतात. अशा वेळी व्हीएनसी किंवा आरडीपीचे टेबल तिकडे जसेच्या तसे मांडलेले राहते; पुन्हा जोडले की अर्धवट वाक्यही तिथेच सापडते. एसएसएचमधून आणलेली एक्सची खिडकी मात्र पडद्याशी संबंध तुटताच प्रोग्रॅमसकट बंद होते आणि जतन न केलेले काम जाते. तासन्‌तास चालणारे गणित एक्सच्या खिडकीतून सुरू करू नये. ते टीमक्स किंवा स्क्रीन या प्रोग्रॅमच्या आत सुरू करावे. हे दोन्ही दूरच्या यंत्रावर टर्मिनल धरून ठेवतात आणि आपण परत आल्यावर ते पुन्हा हाती देतात.

आणि टर्मिनल गोठले, काही टंकले तरी उमटत नाही असे वाटले, तर जोडणी तोडण्यापूर्वी कंट्रोल आणि क्यू या कळा एकत्र दाबून पाहाव्यात. जतन करण्याच्या सवयीने कंट्रोल-एस दाबले गेलेले असते. टेलिप्रिंटरच्या काळापासून त्या कळांचा अर्थ 'थांब' असा आहे आणि कंट्रोल-क्यूचा 'पुढे चल'. थांबलेल्या काळात टंकलेले सगळे मग एकदम पडद्यावर येते, तेव्हा गोठलेल्या पडद्यावर वैतागून वाटेल त्या कळा दाबलेल्या नसाव्यात.